ॲमस्टरडॅमहून कोचने गीटहोर्न: सहल निवडताना गावातले तास मोजा

प्रश्न असा आहे: सत्तरीचे आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी बरोबर आहेत. ॲमस्टरडॅममध्ये चार दिवस मुक्काम आहे आणि त्यातला एक गीटहोर्न या कालव्यांच्या डच गावासाठी ठेवलाय. कोचची (मोठ्या पर्यटक बसची) सहल घ्यावी की आपापलं जावं? कोच घेतला तर कोणता, आणि तिथे बोट स्वतः चालवावी का?

या मंडळींसाठी कोचच बरा. पण सहल निवडताना किती ठिकाणं दाखवणार ते पाहू नका, गीटहोर्नमध्ये प्रत्यक्ष किती तास मिळणार ते पाहा. तीन तासांपेक्षा कमी मिळत असतील तर ती सहल सोडून द्या. बोट स्वतः चालवायची की नाही हेही त्या तासांवरच ठरतं.

आधी नावाचा घोळ. मराठीत कोणी गिथॉर्न लिहितं, कोणी गिएथूर्न. डच माणूस पहिलं अक्षर घशातून काढतो, ते आपल्या कानाला ‘खीट-होर्न’ ऐकू येतं. ड्रायव्हरने तसं पुकारलं तर दुसरी बस समजून उतरू नका.

ॲमस्टरडॅम ते गीटहोर्न रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर. बहुतेक डच महामार्गांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मोटारींनाही ताशी १०० ची मर्यादा आहे, त्यामुळे कोच मोटारींच्या फार मागे पडत नाही. वेळ जातो तो शहरातून बाहेर पडताना आणि वाटेवरच्या आल्मेरे शहराच्या अलीकडे-पलीकडे. जाताना पावणेदोन तास धरा, येताना संध्याकाळच्या गर्दीत दोन. जाहिरातीत ‘नऊ तासांची सहल’ असं लिहिलेलं असतं. त्यातून हे पावणेचार तास वजा केले की सव्वापाच उरतात. परतीचा रस्ता आफस्लाउटडाइक या समुद्रबंधाऱ्यावरून असेल तर वळसा आणि मधला थांबा मिळून तास-सव्वातास आणखी जातो. उरले चार. याच दिवसात झान्स स्खान्सच्या पवनचक्क्याही कोंबल्या असतील तर गावासाठी पावणेतीन तासांच्या वर काही राहत नाही. त्यातला अर्धा तास कोचमधून उतरणे, मोजदाद, चालत धक्क्यावर जाणे आणि परत जमणे यात जातो, एक तास गटाच्या बोटीत, पाऊण तास जेवणात. जे गाव बघायला एवढ्या लांब आलात त्यात पायी फिरायला जेमतेम अर्धा-पाऊण तास. अशा सहलीवरून आलेली माणसं ‘काही विशेष नाही हो’ म्हणतात, आणि त्यांच्या अर्ध्या तासापुरतं ते खरंही असतं.

झान्स स्खान्स या दिवसातून काढूनच टाका. ॲमस्टरडॅम सेंट्रलहून लोकलने वीसेक मिनिटांवर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी आपापलं जाता येतं. आफस्लाउटडाइकचं तसं नाही, तिथे स्वतःची गाडी नसेल तर पोचणं जिकिरीचं. सबंध दिवसात दोनच ठिकाणं, गीटहोर्न आणि तो बंधारा, अशी सहल मिळाली तर जरूर घ्या. नुसतं गीटहोर्न आणि गावात चार-साडेचार तास, अशी मिळाली तर आई-वडिलांसाठी तीच उत्तम.

आपापलं जायचं तर ट्रेनने स्टेनवाइक या जवळच्या स्टेशनापर्यंत, वाटेत बहुधा एक गाडी बदलून, आणि तिथून बस. एका बाजूला दोन-सव्वादोन तास, जोडणी चुकली की अडीच. फायदा एवढाच, पण मोठा: कोच यायच्या आधी, सकाळी साडेनऊला तुम्ही गावात असता, किंवा ते निघून गेल्यावर पाचनंतरही थांबू शकता. दोन तरुण माणसं असतील तर ट्रेनच सुचवावी. गुडघे दुखणारी आई, जिने आणि प्लॅटफॉर्म बदल हे गणित मात्र कोचच्या बाजूने जातं.

बुकिंग करताना चार गोष्टी नीट वाचा. बोटीचं तिकीट किमतीत धरलेलं आहे का, की तिथे वेगळं काढायचं? गटाची बंदिस्त बोट आहे की छोटी उघडी? गाइड किती भाषांत बोलणार? काही कोचमध्ये एकच माहिती इंग्रजी, स्पॅनिश आणि आणखी एका भाषेत अशी तीनदा सांगतात, आणि वाटेवरचं दृश्य मागे गेल्यावर तुमची भाषा येते. चौथी, आणि सगळ्यात जास्त चुकणारी, म्हणजे कोच सुटतो कुठून.

२०२४ पासून साडेसात टनांपेक्षा जड कोचना ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात शिरता येत नाही, त्यामुळे ‘हॉटेलच्या दारातून’ हा प्रकार जवळपास संपला. बऱ्याच सहली सेंट्रल स्टेशनसमोरच्या पाण्यापलीकडून, उत्तर काठावरून सुटतात. तिथे जायला स्टेशनच्या मागच्या बाजूने फेरीबोट आहे. ती फुकट आहे, तिकीट शोधत बसू नका, पलीकडे जायला चार-पाच मिनिटं लागतात. लोक चुकतात ते इथे: शेजारशेजारच्या धक्क्यांवरून वेगवेगळ्या फेऱ्या सुटतात. बाउकस्लोटरवेगची फेरी समोरच्या काठाला लागते, एनडीएसएमची मात्र लांब पश्चिमेला नेऊन सोडते. त्या चुकीच्या फेरीत पाय टाकला की परत यायला अर्धा तास गेला आणि कोचही. फलकावरचं नाव वाचूनच चढा आणि सुटण्याच्या वेळेआधी वीस-पंचवीस मिनिटं पोचा.

कोच कोणासाठी थांबत का नाही, हेही समजून घ्या. युरोपीय नियमांनी ड्रायव्हरचे तास बांधलेले आहेत: साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारण ९ तासच चालवणं आणि रात्री सलग ११ तास सुटी (ती ९ वर आणायची मुभा मोजक्याच वेळा). हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात आपोआप नोंदलं जातं आणि दंड ड्रायव्हरलाही होतो. दहा मिनिटं थांबा म्हणून गयावया केलीत तर तो नाही म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो.

पट्टा लावणं कोचमध्येही सक्तीचं आहे. मागचं स्वच्छतागृह असतं, पण बरेच ड्रायव्हर ते फक्त अडीनडीला उघडतात. निघण्यापूर्वीच जाऊन घ्या. घडीची व्हीलचेअर खाली डिकीत बसते, मात्र बुकिंगच्या वेळी कळवलेलं हवं.

वाटेत झोपू नका, किमान आल्मेरे गेल्यावर तरी. रस्ता फ्लेवोलांडमधून जातो, आणि फ्लेवोलांड म्हणजे समुद्राच्या तळावर वसवलेला प्रांत. त्याचा दक्षिण भाग १९६८ मध्ये कोरडा झाला, पूर्व भाग १९५७ मध्ये, आणि पुढचा नोर्डोस्टपोल्डर १९४२ मध्ये. तुम्ही समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खालून चाललेले असता. शेतं पट्टीने आखल्यासारखी, झाडं रांगेत, वळण नावालाही नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात गेलात तर नोर्डोस्टपोल्डरमध्ये ट्युलिपचे पट्टे रस्त्यावरूनच दिसतात, आणि त्यांना तिकीट नाही. याच सपाटीत स्खोकलांड हे पूर्वीचं बेट आहे. समुद्र खात चालला म्हणून १८५९ मध्ये ते रिकामं केलं होतं. आता ते शेतांमधला एक लांबट उंचवटा आहे आणि १९९५ पासून जागतिक वारसास्थळ. पुढे रस्ता अचानक वळणं घेऊ लागला, झाडं वेडीवाकडी दिसू लागली की समजा, पोल्डर (समुद्र हटवून मिळवलेली जमीन) संपला आणि ओव्हराइसल प्रांताची जुनी जमीन लागली.

कोच गावाच्या पश्चिमेला, ब्यूलाकरवेग या रस्त्यालगत थांबतो. इथे पहिला अपेक्षाभंग होतो, कारण समोर साधा डांबरी रस्ता, मोटारी, हॉटेलं, सरळसोट रुंद कालवा. ‘रस्ते नसलेलं गाव’ ते हे नव्हे. रस्ते नाहीत ते आतल्या जुन्या भागात, पाच-दहा मिनिटं पूर्वेला चालत गेल्यावर. उतरल्याबरोबर दोन फोटो काढा: कोचची नंबरप्लेट आणि तो उभा आहे त्या जागेसमोरची एखादी पाटी. दुपारी तिथे एकसारखे आठ-दहा कोच उभे असतात. परत जमायची वेळ मुलीकडूनही वदवून घ्या आणि गाइडचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

बोटीची फेरी बहुतेक सहलींत पहिल्यांदाच उरकतात. तासाभराची असते, आतल्या कालव्यांतून निघून बोवेनवाइडे तळ्यावर जाते आणि वळून येते. बंदिस्त बोटीत शक्यतो मागच्या उघड्या भागाजवळ बसा. काचेआडून फोटोत फक्त आपलीच प्रतिबिंबं येतात. आई-वडिलांना चढवताना धक्का आणि बोट यांतली उंची पाहा: पाऊल एक फूटभर खाली टाकावं लागतं आणि बोट त्याच क्षणी हलते. आधी एक जण आत उतरून उभा राहतो, मग हात न धरता कोपर धरून उतरवतो. पाऊल बोटीच्या मधोमध पडलं पाहिजे. कडेवर पाय दिला की बोट कलते आणि माणूस घाबरून मागे येतो, म्हणजे नेमका पाण्याच्या फटीकडे.

बोवेनवाइडेवर आल्यावर पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. एवढं पसरलेलं तळं आणि खोली सुमारे एक मीटर. हे नैसर्गिक नाही. इथे दलदलीत पीट होतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या वनस्पतींचा थर. तो उपसून वाळवला की चुलीत जळतो. माणसं तेराव्या शतकापासून इथे येऊन ते उपसत होती. उपसलेला चिखल पसरायला दोन चरांमध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी ठेवायची, त्यावर तो वाळला की विटांसारखे तुकडे पाडायचे आणि बोटीने न्यायचे. न्यायला म्हणून जे चर खणले तेच आजचे कालवे. हाव सुटली तसे चर रुंद होत गेले आणि मधल्या पट्ट्या बारीक. मग वादळात लाटांनी त्या पट्ट्याच खाल्ल्या आणि चर एकमेकांत मिसळून तळी झाली. दक्षिणेला ब्यूलाके नावाचं अख्खं गाव १७७५ आणि १७७६ च्या पुरांत असंच गेलं, आज त्या जागी ब्यूलाकर तळं आहे. गाइड बहुधा दुसरीच गोष्ट रंगवून सांगेल: ११७० च्या महापुरात बुडालेल्या रानबकऱ्यांची शिंगं पीट खणताना सापडली, म्हणून ‘बकऱ्यांचं शिंग’ असं गावाचं नाव पडलं. ऐकायला छान आहे. पण गावाचा नकाशा कळायचा असेल तर त्या चिखलाच्या पट्ट्या लक्षात ठेवा. प्रत्येक घर वेगळ्या बेटावर का, पूल एवढे का (पावणेदोनशेच्या आसपास आहेत), आणि गल्ल्या अशा काटकोनात का फुटतात, याचं उत्तर त्यांतच आहे.

पूल मध्येच एवढे उंच का, असं मुलगी विचारेलच. गवत, पीट, गुरं, लाकूड, सगळं बोटीतून जायचं. गवताने शिगोशिग भरलेली बोट खालून निघाली पाहिजे म्हणून पूल कमानीसारखे उचललेले. घरांची छपरंही पाहा. राहती बाजू बुटकी आणि मागचं कोठार तिच्या डोक्यावरून वर गेलेलं, उंटाच्या मदारीसारखं. शेतं बेटांवर विखुरलेली, वर्षाचं गवत घराशीच साठवायचं, आणि बेट तर रुंद करता येत नाही, मग कोठार वर वाढवलं. छपरावर घातलेला बोरूही (उंच पाणगवत) शेजारच्याच वेरिबेन-वीडेन राष्ट्रीय उद्यानातला, तो हिवाळ्यात कापतात.

आता स्वतः बोट चालवण्याचं. गावात सावकाश चालणारी, सपाट बुडाची विजेवरची बोट तासावर भाड्याने मिळते. आवाज जवळजवळ नसतो म्हणून डच लोक तिला ‘कुजबुजती बोट’ म्हणतात. परवाना लागत नाही, भाडं माणशी नसून बोटीमागे असतं, सहा-आठ माणसं बसतात. मोकळा वेळ तीन तासांहून जास्त असेल आणि गटाच्या बोटीचं तिकीट आधीच घेतलेलं नसेल, तरच हिच्या वाटेला जा. गावातून तळ्यावर जाऊन येणारा गोल मालकाच्या नकाशावर तासाभराचा दिसतो. उन्हाळ्यातल्या शनिवारी त्याला दीड तास सहज लागतो, कारण पुलाखाली एका वेळी एकच बोट जाते आणि पुढची आडवी झालेली असते. कोचला वेळेत पोचायचं असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

घेतलीतच तर हाताळणी अशी. बऱ्याच बोटींना चाक नसतं, मागे सुकाणूचा दांडा असतो. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं. पहिली पाच मिनिटं प्रत्येक माणूस उलटं करतो आणि काठावर जाऊन आपटतो. दुसरं, बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. नाक एका बाजूला जाताना शेपूट दुसऱ्या बाजूला फेकली जाते. म्हणून अरुंद वळणावर कोपऱ्याला चिकटून वळायचं नाही, मधोमध यायचं, वेग कमी करायचा आणि वळण थोडं लवकर सुरू करायचं. तिसरं, ब्रेक नाही. थांबायचं तर बोटीच्या पाच-सहा लांब्यांइतकं आधी वीज बंद करून मग क्षणभर उलटी गती द्यायची. उलट्या गतीत सुकाणू नीट ऐकत नाही, त्यामुळे उलटं जात जात वळायचा प्रयत्न करू नका. आधी थांबवा, मग पुढे घेत नाक वळवा.

पुलाखालून जाताना सगळे बसलेले आणि हात आत, यात तडजोड नाही. बोटीची कड आणि पुलाचा लाकडी खांब यांत बोटं चिरडतात, आणि ती बहुतेक वेळा मदत म्हणून खांबाला हात लावून बोट ढकलणाऱ्याची असतात. भरलेल्या बोटीचं वजन हाताने थांबत नाही. आपटायचंच असेल तर बोटीला आपटू द्या, तिला रबराची कड असते. काठाला टेकलात तर आतल्या काठीने ढकला. चिखलात रुतलात तर जोर लावून पुढे जाऊ नका, मोटरचा पाण्याखालचा पंखा आणखी खोल खणतो. माणसं रुतलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला सरकवा आणि हळू उलटी गती द्या. मोटर चालू आहे पण बोट सरकत नाही असं झालं तर पंख्यात शेवाळ गुंडाळलंय. दोन-तीन सेकंद उलट फिरवलं की बहुतेक सुटतं. पंख्याजवळ हात घालायची वेळ आली तर आधी किल्ली काढा.

तळ्यावर वाऱ्याचा विचार करा. या बोटी सपाट आणि हलक्या, वारा त्यांना पानासारखा बाजूला सारतो. वाऱ्याच्या दिशेने जाताना छान वाटतं, परतताना बोट पुढे कमी आणि आडवी जास्त जाते, शेवटी बोरूच्या बेटात. काठावरची झाडं जोरात हलत असतील तर आतल्या कालव्यांतच फिरा. मुख्य कालव्यात गर्दीच्या दिवसांत एकेरी वाहतूक असते, मालक देतो त्या नकाशावर बाण असतात. बाकी ठिकाणी उजवीकडून जायचं. दहा वर्षांच्या मुलीला लाइफ जॅकेट मागून घ्या, बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पुंटर ही इथली मूळ बोट, लांब काठीने तळाला रेटून चालवायची. ती फोटोसाठी भाड्याने घेऊ नये. काठी चिखलात अडकते, बोट पुढे जाते आणि माणूस काठीबरोबर मागे राहतो.

पायी फिरायचा मुख्य मार्ग बिनेनपाड, मोठ्या कालव्याच्या कडेने. सगळी गर्दी त्याच्या मधल्या भागात असते: आइस्क्रीम, आठवणवस्तू, सेल्फी. दहा-बारा मिनिटं दक्षिणेकडे चालत गेलात की आवाज निम्मा होतो, आणखी पाच मिनिटांनी बदकंच. चित्रांतलं गीटहोर्न ते हे. बोटीनंतर लगेच इकडे निघा आणि जेवण नंतर करा. वाट सपाट आहे, पण अरुंद. सायकली आणि बाबागाड्या एकाच पट्टीवरून जातात. पुलांना चढ आहे, आईला जमत नसेल तर पूल न ओलांडता एकाच काठाने जाऊन परत या, काही बिघडत नाही. पाऊस पडून गेला असेल तर पुलांच्या फळ्या साबणासारख्या होतात.

बरेच पूल खासगी असतात. पलीकडे एकच घर, एकच बाग. ‘प्रिव्हे’ किंवा ‘आयखेन टेराइन’ अशी पाटी दिसली की तिथून वळायचं. जेमतेम तीन हजारांच्या आतलं गाव आहे, तिथे खरी माणसं राहतात, आणि खिडकीशी येऊन आत डोकावणारे पाहुणे त्यांना रोज सोसावे लागतात. ड्रोन आणूच नका.

वेळ उरला तर ‘ऑल्डे माट उस’ हे शेतकरी घरातलं संग्रहालय पाहा. भिंतीत बसवलेले पलंग, पीट उपसायची अवजारं, बोटी. चाळीस मिनिटांत होतं आणि पाऊस आला तर आडोसाही. खडक-रत्नांचं आणि शंखशिंपल्यांचं अशी आणखी दोन आहेत. मुलीला शिंपले आवडत असतील तर तिकडे जा, नाहीतर ती सोडा.

जेवणाची गर्दी साडेबारा ते दोन. पावणेबाराला किंवा सव्वादोनला बसलात तर जागा मिळते आणि पदार्थही लवकर येतो. शाकाहारी मंडळींनी ‘वेखेटारिस’ हा शब्द पाठ करावा, पण त्यावर थांबू नये. डच पॅनकेकच्या पिठात अंडं असतंच. वाटाण्याच्या दाट सुपात डुकराचं मांस असतं. बिटरबालेन नावाचे गोल तळलेले वडे दिसायला बटाटेवड्यांचे भाऊ, आत गोमांस. काही ठिकाणी बटाट्याच्या फ्राइजही गुरांच्या चरबीत तळतात, त्यामुळे तेल कुठलं ते विचारा. चीजमध्ये बऱ्याचदा जनावरापासून काढलेलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. हे सगळं चालणार नसेल तर डबा बरोबर न्या आणि तळ्याकडच्या बाकावर खा. हॉटेलच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडू देत नाहीत. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली विकत घेतलीत तर त्यात अनामत असते, छोट्या बाटलीला आणि डब्याला १५ सेंट, मोठ्या बाटलीला २५. सुपरमार्केटातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते.

बरीच दुकानं फक्त कार्ड घेतात, तरी स्वच्छतागृहासाठी ५० सेंट आणि १ युरोची नाणी खिशात ठेवा. ओळखपत्र १४ वर्षांवरच्या प्रत्येकाजवळ असायला हवं हा डच कायदा आहे, मोठ्यांचे पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका.

मोसमाचं म्हणाल तर एप्रिल ते ऑक्टोबर सगळं चालू असतं. जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार बरे. मे महिन्याचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर सगळ्यात चांगले. बाहेर ऊन असलं तरी तळ्यावर वारा गार असतो, आई-वडिलांना कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट न्या. छत्री बोटीत निरुपयोगी, रेनकोटच हवा. पाऊस पडला म्हणून कोच रद्द होत नाही.

परतताना रस्ता आफस्लाउटडाइकवरून असेल तर कोचमध्ये डाव्या बाजूला बसा. रस्ता बंधाऱ्याच्या आतल्या अंगाने जातो, उजवीकडे मातीचा उंच बांध समुद्र झाकून टाकतो आणि डावीकडे आइसलमेर तळ्याचं गोडं पाणी पसरलेलं दिसतं. बंधारा ३२ किलोमीटरचा. २८ मे १९३२ ला शेवटची फट बुजवली आणि आत अडकलेला समुद्र काही वर्षांत गोडा झाला. फट जिथे बुजवली तिथे मनोरा आहे. थांबा पंधरा-वीस मिनिटांचाच असेल तर कॉफीच्या रांगेत न लागता आधी रस्त्यावरचा पादचारी पूल चढा आणि दोन्ही पाणी एकदम पाहा. वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

आणि कोच चुकलाच तर घाबरू नका. ब्यूलाकरवेगवरून बसने स्टेनवाइक, तिथून ट्रेनने झ्वोले आणि पुढे ॲमस्टरडॅम. गाइडला फोन करून कोचमधल्या सामानाचं सांगून ठेवा. तिकीट वेगळं काढायला नको, संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड बसमध्ये आणि स्टेशनच्या यंत्रावर टेकवून चालतं. प्रत्येकाला आपलं वेगळं कार्ड हवं, एकाच कार्डावर दोन माणसं जात नाहीत. आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर प्रवासापेक्षा जास्त पैसे कापले जातात.